बोरिस अकुनिन कोण आहे? डिटेक्टिव्ह लिहिणारा माणूस दहशतवाद्यांच्या यादीत कसा?

मोरजेकार

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे वाचणारे लोक भरपूर आहेत म्हणून टाकतोय. आमची मावशी गोव्यात मोरजीत सीझनला खोल्या भाड्याने देते, पाहुणे बहुतेक रशियन, काही तर चार-चार महिने राहतात आणि जाताना बॅगेचं वजन वाढतं म्हणून पुस्तकं इथेच टाकून जातात. मावशी ती फेकत नाही, व्हरांड्यात एक शेल्फ करून ठेवलंय. त्यात एकाच लेखकाची पुस्तकं सगळ्यात जास्त. मला रशियन येत नाही, फोनचा कॅमेरा धरून नाव काढलं, बोरिस अकुनिन.

तर झालं काय, एक बाई ती पुस्तकं बघून इतकी खूश झाली की तिथेच पायरीवर बसून वाचायला लागली, आणि दुसऱ्या खोलीतला गृहस्थ येऊन म्हणाला हा देशद्रोही आहे, असली पुस्तकं उघड्यावर कशाला ठेवता. मग दोघांचं जे जुंपलं ते रशियनमध्येच, मावशीला काही कळेना, ती आपली दोघांना चहा विचारतेय.

मी नंतर गूगल केलं तर एका ठिकाणी लिहिलंय ऐतिहासिक डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा लेखक आणि दुसऱ्या ठिकाणी रशियाच्या दहशतवादी-अतिरेकी यादीतलं नाव. हा एकच माणूस आहे का? आणि इंग्रजीतून वाचायचं झालं तर सुरुवात कुठून करू? पुस्तकं ठेवल्याने मावशीला काही त्रास तर नाही ना होणार?

जाड_भिंगवाली

मोरजेकार, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मावशीला सांग निर्धास्त राहा, आपल्याकडे या पुस्तकांवर कसलीही बंदी नाही. आणि हो, माणूस एकच आहे.

खरं नाव ग्रिगोरी च्खार्तिश्विली. जन्म १९५६ चा, जॉर्जियातला, पण दोन वर्षांचा असताना घरचे मॉस्कोला आले आणि तिथेच वाढला. शिकला जपानी. मॉस्को विद्यापीठाची आशिया-आफ्रिका अभ्यासाची संस्था आहे तिथे, आणि पुढे कित्येक वर्षं जपानी आणि इंग्रजीतून भाषांतरं केली. जपानी कादंबरीकार मिशिमा रशियन वाचकांपर्यंत पोचवण्यात याचा मोठा हात आहे, त्या भाषांतरांसाठी २००७ मध्ये जपानचं नोमा पारितोषिकसुद्धा मिळालं. परदेशी साहित्य छापणाऱ्या एका नावाजलेल्या मासिकाचा हा उपसंपादक, जपानी साहित्याच्या वीस खंडांच्या संग्रहाचा मुख्य संपादक, म्हणजे एकदम चष्मा लावलेला, फुटनोटा तपासणारा माणूस. चाळिशी ओलांडेपर्यंत कादंबरीकार म्हणून कोणाला माहीतच नव्हता.

त्या वेळी तो एक जाडजूड पुस्तक लिहीत होता, लेखकांच्या आत्महत्यांवर! ते १९९९ ला आलं. आता असला विषय वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन बसल्यावर माणसाला काहीतरी हलकंफुलकं हवंच ना, तसं त्याने डिटेक्टिव्ह लिहायला घेतलं. आणखी एक गोष्ट तो सांगतो ती मला फार आवडते. त्याची बायको मेट्रोत डिटेक्टिव्ह वाचायची, पण पुस्तकाला वरून कागद गुंडाळून, कारण ९०च्या दशकात रशियात तसल्या पुस्तकांची कव्हरं इतकी भडक असायची, रक्त, पिस्तूल, अर्धवट कपड्यातल्या बायका, की शिकलेल्या माणसाला चारचौघात हातात धरायची लाज वाटावी. तेव्हा याला वाटलं की कव्हर न घालता वाचता येईल असं डिटेक्टिव्ह का लिहू नये.

१९९८ ला पहिली कादंबरी आली, अझाझेल. इंग्रजीत तीच 'द विंटर क्वीन' म्हणून मिळेल, अँड्र्यू ब्रॉमफील्डचं भाषांतर आहे, छान आहे. १८७६ चं मॉस्को, भर बागेत एक श्रीमंत विद्यार्थी सगळ्यांसमोर स्वतःला गोळी घालतो आणि पोलीस खात्यातला एक विशीचा कारकून, एरास्त फांदोरिन, त्याच्या मागे लागतो. सुरुवातीला खप यथातथाच होता पण दोन-तीन वर्षांत जी लाट आली म्हणता, सगळा रशिया फांदोरिन वाचत होता. तू तिथूनच सुरू कर.

रातांबा

भिंगवालीबाय, तुम्ही लिहायला लागलात की आम्ही काय बोलणार :) तरी थोडं माझंपण.

मी रशियात एमबीबीएसला होतो, २०१० च्या आगेमागे. तेव्हा हे पुस्तक नसलेलं घर मला दिसलं नाही. आमच्या हॉस्टेलच्या ऑफिसात बसणाऱ्या बाई, वर्गातल्या पोरांच्या आया, ट्रेनमधे समोर बसलेला फौजी, सगळ्यांकडे. माझं रशियन सुधारलं ते फांदोरिन वाचून, फक्त प्रॉब्लेम असा की मी एकोणिसाव्या शतकातले शब्द वापरायला लागलो आणि भाजीवालीशी बोलताना ती हसायची.

सिनेमेपण आले होते, २००५ मध्ये एकाच वर्षी दोन, टर्किश गँबिट आणि स्टेट कौन्सिलर. दोन्ही तिकडे धो धो चालले. म्हणून त्या मोरजीच्या बाईला जो आनंद झाला तो मला पूर्ण समजतो, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला हिरो आहे तो. आणि त्या गृहस्थाचा रागपण समजतो, कारण तिकडे टीव्हीवर आता याच्याबद्दल जे दाखवतात ते रोज बघितलं तर कोणीही असंच बोलेल. घरं फुटलीत यावरून. मी त्या सगळ्यात पडत नाही, माझे मित्र दोन्ही बाजूंना आहेत.

केरीचो_खलाशी

एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे ते मला नाही कळलं. मी दोन वाचली. फांदोरिन दिसायला देखणा, जुगारात कधी हरत नाही, जपानी मारामारी येते, दहा भाषा येतात, बायका बघताक्षणी प्रेमात. असला हिरो आपल्याकडे रहस्यकथांच्या सुवर्णकाळात दर महिन्याला दोन रुपयांत मिळायचा. रशियन वाचायचं तर एकोणिसाव्या शतकातले खरे दिग्गज वाचावेत ना, त्या काळाची नक्कल कशाला.

जाड_भिंगवाली

खलाशी, कुठली दोन वाचलीस ते सांग, कारण याच्या बाबतीत त्याने फरक पडतो. या माणसाने सुरुवातीलाच ठरवलं होतं की प्रत्येक पुस्तक डिटेक्टिव्हच्या वेगळ्या जातीचं करायचं. पहिलं कटकारस्थानाचं, दुसरं हेरगिरीचं (रशिया-तुर्की युद्ध, १८७७), तिसरं बंद जागेतल्या खुनाचं, चौथं भाडोत्री मारेकऱ्याचं. पुढे ठगांचं आहे, राजघराण्यातलं आहे, एका गोष्टीत तर लंडनचा तो कुप्रसिद्ध खुनी, जॅक द रिपर, मॉस्कोत येऊन पोचतो. आणि सांगणारा पण बदलत राहतो. चौथ्या पुस्तकात, 'डेथ ऑफ अकिलीस' मध्ये, अर्धं झाल्यावर गोष्ट मागे जाते आणि मारेकऱ्याचं अख्खं आयुष्य आपण त्याच्या बाजूने वाचतो, तो असा का झाला ते. त्यातला मरणारा सेनापती खऱ्या जनरल स्कोबेलेव्हवर बेतलाय, तो १८८२ ला मॉस्कोच्या हॉटेलात संशयास्पद रीतीने मेला होता. 'कॉरोनेशन' मध्ये झार निकोलसच्या १८९६ च्या राज्यारोहणाची गोष्ट आहे, खोदिंका मैदानावरच्या चेंगराचेंगरीसकट, आणि ती सांगतो कोण, तर राजवाड्यातला एक शिष्ट बटलर, ज्याला फांदोरिन अजिबात आवडत नाही. म्हणजे तुला जो राग येतो तो लेखकाने आधीच एका पात्राला देऊन ठेवलाय!

नक्कल म्हणालास, तर ती उघड उघड आहे. तो काळच त्याने मुद्दाम निवडला, जेव्हा साहित्य थोर होतं आणि गुन्हेसुद्धा नजाकतीने व्हायचे, अशा अर्थाची अर्पणपत्रिकाच या पुस्तकांवर असते. ९०च्या दशकातल्या रशियात रस्त्यावर गोळीबार चालू असताना लोकांना ते वाचून काय वाटलं असेल बघ.

फेरीबोट

मधेच घुसतोय सॉरी, पण गोवेकरांनी तिसरं पुस्तक वाचलंच पाहिजे, 'मर्डर ऑन द लेव्हायथन'. १८७८ साल, पॅरिसमध्ये एका इंग्रज लॉर्डचा आणि त्याच्या नोकरचाकरांचा खून होतो, सोन्याची शंकराची मूर्ती चोरीला जाते, आणि खुनी आहे कलकत्त्याला निघालेल्या एका भल्यामोठ्या आगबोटीवर. पुस्तकाचे भाग पाडलेत ते बंदरांवरून, पोर्ट सैद ते एडन, एडन ते मुंबई, आणि शेवटचा मुंबई ते पाल्कची सामुद्रधुनी. आता नकाशा काढून बघा, मुंबईहून खाली जाणारी बोट कुठून जाणार? आमच्या आग्वादच्या समोरूनच की! दीपस्तंभ १८६४ पासून तिथे आहे. मी वाचताना सारखी वाट बघत होतो की कोणीतरी डेकवर येऊन म्हणेल तो बघा गोव्याचा दिवा, पण छे, सगळे आत बसून एकमेकांवर संशय घेतायत.

त्यातला हिंदुस्थान मात्र गोष्टीतला आहे बरं का, १८५७ च्या उठावातला राजा, त्याचा खजिना, शाल, वगैरे. इंग्रज लेखक जसा लिहायचे तसाच, आणि मला वाटतं ती पण मुद्दाम केलेली टिंगल आहे, पण काही वेळा टिंगल आणि खरं यातला फरक पुसट होतो. ते थोडं खटकलं.

केरीचो_खलाशी

मी वाचली ती पहिली आणि हीच बोटीवाली. बोटीवाली त्यातल्या त्यात बरी होती हे मान्य. दुसरी गोष्ट, हा माणूस इतिहासपण लिहितो ना? रशियन राज्याचा इतिहास म्हणून मोठी मालिका आहे, २०१३ पासून. त्यावर तिकडच्या इतिहासकारांनी चांगलाच हात धुऊन घेतला होता, चुका आहेत, जुन्या पुस्तकांवरून उचललंय वगैरे. म्हणजे सगळ्यात हात घालायचा स्वभाव दिसतो.

जाड_भिंगवाली

तो आक्षेप खरा आहे. संशोधन म्हणून ते वाचू नये, एक कथाकार आपल्या देशाबद्दल मोठ्याने विचार करतोय असं समजून वाचावं. त्याचं म्हणणं साधारण असं की रशियन राज्ययंत्रणेचा पाया मंगोलांच्या काळात पडला, सगळी सत्ता वर एका माणसाच्या हातात, आणि राज्यकर्ते बदलले तरी तो पाया कोणी हलवला नाही. पटो न पटो, यावरून पुढचं सगळं समजतं.

सगळ्यात हात घालायचा स्वभाव म्हणालास ते मात्र शंभर टक्के. २००७ नंतर रशियात अनातोली ब्रुस्निकिन नावाचा एक नवा ऐतिहासिक कादंबरीकार आला, आणि त्याच सुमाराला आन्ना बोरिसोवा नावाची एक लेखिका, तिच्या पुस्तकांचा डिटेक्टिव्हशी संबंधच नाही. लोकांत चर्चा, हे कोण. २०१२ ला याने जाहीर केलं, दोघेही मीच. पेडण्यात दशावतार बघितलाय ना, पहाटेपर्यंत तोच नट राजा होऊन येतो, नंतर दुसराच कोणी होऊन येतो आणि आपण आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो, तसलं प्रकरण. तोवर सिस्टर पेलागियाची वेगळी तीन पुस्तकं पण झाली होती, व्होल्गाकाठच्या आडगावातली तांबड्या केसांची, धांदरट नन, जी गुन्हे सोडवते. मला विचारशील तर फांदोरिनपेक्षा ती जास्त आवडते, पण हे मत मी एकटीच बाळगून आहे असं दिसतं.

मोरजेकार

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, देव बरें करूं सगळ्यांना. पण मूळ मुद्दा राहिलाच की. दहशतवादी कसा झाला? बटलर आणि नन लिहिणाऱ्या माणसाने असं केलं काय?

उसकैलास

मी लिहितो ते, बातम्या बऱ्यापैकी फॉलो केल्यात.

२०११ च्या डिसेंबरात तिथे निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध मोठी निदर्शनं झाली, त्यात हा व्यासपीठावर होता. मे २०१२ मध्ये पुतिन परत अध्यक्ष झाल्यावर पोलीस रस्त्यावर दिसेल त्याला उचलत होते, तेव्हा याने आणि इतर लेखकांनी ठरवलं की आपण फक्त चालून बघायचं, पुश्किनच्या पुतळ्यापासून ग्रिबोयेदोव्हच्या पुतळ्यापर्यंत, घोषणा नाहीत, फलक नाहीत, परवानगी नाही, लेखकांना मॉस्कोत फिरायला देतात का तेवढं बघायचं. हजारो लोक मागून चालायला लागले आणि पोलिसांनी काही केलं नाही. मला त्याच्या सगळ्या राजकारणातला हा भाग सगळ्यात जास्त त्याच्या पुस्तकांसारखा वाटतो.

२०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर देश सोडला, तेव्हापासून बाहेरच, लंडनला वगैरे. पण पुस्तकं रशियात छापली जात होती, विकली जात होती. २०१८ ला शेवटचा फांदोरिन आला, पहिल्यानंतर बरोबर वीस वर्षांनी. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला त्याला याने उघड विरोध केला, नर्तक बारिश्निकोव्ह आणि अर्थतज्ज्ञ गुरिएव्ह यांच्याबरोबर 'खरा रशिया' नावाने निर्वासितांसाठी मदतनिधी सुरू केला. मग काही नाट्यगृहांनी याचं नाटक चालू ठेवलं पण पोस्टरवरून नाव काढलं, म्हणजे नाटक आहे आणि लेखक नाही!

आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथले दोन प्रसिद्ध प्रँकवाले, व्होवान आणि लेक्सस, त्यांनी युक्रेनच्या बड्या लोकांचं सोंग घेऊन याला कॉल केला आणि हा युक्रेनच्या बाजूने जे बोलला ते रेकॉर्ड करून नेटवर टाकलं. झालं, काही दिवसांत मोठ्या प्रकाशकाने पुस्तकं थांबवली, दुकानांनी काढली, नाव दहशतवादी आणि अतिरेक्यांच्या यादीत, त्याची पुस्तकं छापणाऱ्या दुसऱ्या एका प्रकाशकाकडे पोलिसांची झडती. जानेवारी २०२४ ला 'परदेशी एजंट'चा शिक्का. जुलै २०२५ ला मॉस्कोच्या लष्करी कोर्टाने गैरहजेरीत १४ वर्षं शिक्षा सुनावली. एका फोनकॉलपासून सुरू झालेली गोष्ट. बॉम्ब नाही, बंदूक नाही.

रातांबा

उसकैलास, याच्यात एक गोष्ट राहिली, आणि ती पुस्तकातलीच आहे. स्पॉयलर आहे, ज्यांना 'स्टेट कौन्सिलर' वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा.

१८९१ सालची गोष्ट. एकीकडे क्रांतिकारकांची टोळी, तिचा म्होरक्या ग्रीन, दुसरीकडे फांदोरिन, आणि प्रकरणं आलटून पालटून, एक दहशतवाद्याच्या डोक्यातून एक पोलिसाच्या डोक्यातून. मधे पीटर्सबर्गहून आलेला एक हुशार, गोडबोल्या प्रिन्स पोझार्स्की, जो स्वतःच्या बढतीसाठी त्याच टोळीला आतून माहिती पुरवतोय, म्हणजे सरकारच दहशतवादाला पोसतंय. शेवटी फांदोरिनला मॉस्कोच्या पोलीसप्रमुखाची खुर्ची देऊ करतात आणि तो नाही म्हणून निघून जातो. सिनेमात काय केलं माहितेय? तो हो म्हणतो! पोझार्स्कीचं काम केलंय प्रसिद्ध दिग्दर्शक-नट निकिता मिखाल्कोव्हने, जो आज पुतिनचा पक्का समर्थक. मी सिनेमा आधी बघितला होता आणि पुस्तक नंतर वाचलं, तेव्हा शेवटच्या पानावर येऊन दोनदा वाचलं की मला भाषा कळत नाहीये की काय.

सगळ्या मालिकेत तोच एक प्रश्न घोळतोय, सरळ माणसाने सडक्या सरकारची नोकरी करावी का, आतून सुधारेल म्हणून थांबावं की बाहेर पडावं. फांदोरिन बाहेर पडला. लेखकाने पण तेच केलं, पुस्तक आलं तेव्हा लोकांना हे मनोरंजन वाटत होतं.

फेरीबोट

पात्रांव, स्पॉयलर सोडा म्हणालात पण एवढा मोठा परिच्छेद कोण सोडणार, वाचला ना मी सगळा! आता ते पुस्तक गेलं.

केरीचो_खलाशी

मी तसा विरोधातच आहे पण हे ग्रीन-पोझार्स्की प्रकरण ऐकून वाचावंसं वाटतंय. शेवट कळला तरी चालेल. गोव्यात कुठे मिळेल? पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत इंग्रजी अकुनिन आहे का कोणी बघितलंय?

जाड_भिंगवाली

जाऊन इंग्रजी कथा-कादंबऱ्यांच्या विभागात 'अ' खाली बघ, किंवा काउंटरवर विचार, कॉम्प्युटरवर शोधून देतात. नाहीतर हरमल, मोरजीकडे सेकंडहँड पुस्तकांच्या दुकानांत एक चक्कर मार, टुरिस्ट लोकांची टाकलेली इंग्रजी पुस्तकं तिथे बरीच येतात, पण सीझन सुरू झाला की भाव चढतो.

मोरजेकार, तुला क्रम हवा होता ना. पहिलं, मग दुसरं कंटाळवाणं वाटलं तर खुशाल सोड, मग लेव्हायथन, अकिलीस, स्टेट कौन्सिलर, कॉरोनेशन. 'डायमंड चॅरियट' शेवटाकडे ठेव, त्याचा दुसरा भाग १८७८ च्या योकोहामातला आहे, आणि तिथे कळतं की हा लेखक मुळात जपानवर जीव असलेला माणूस आहे, बाकी सगळं नंतर. मासा नावाचा जो जपानी नोकर चौथ्या पुस्तकापासून फांदोरिनच्या मागे असतो तो तिथेच त्याला भेटतो. पुढच्या पुढच्या पुस्तकांत दम कमी होत गेला असं माझं मत, २०१२ चं, बाकू शहरात घडणारं, तर मी ढकलत ढकलत संपवलं.

रातांबा

बाकूवालं वाईट म्हणताय? तेलाच्या विहिरी, संप, १९१४, आणि फांदोरिनला पहिल्यांदा कोणीतरी तोडीस तोड भेटतो. माझ्या टॉप तीनमध्ये आहे ते. आणि दुसरं अजिबात सोडू नकोस रे मोरजेकार, टर्किश गँबिट बाईच्या नजरेतून आहे, मुक्त विचारांची मुलगी युद्धभूमीवर आपल्या होणाऱ्या नवऱ्याला शोधत जाते, हेर कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. बाय, यावर आपण वेगळा धागा काढू.

मोरजेकार

काढा काढा, मी वाचतो. विंटर क्वीन मागवलंय. मावशीला सगळं सांगितलं, ती म्हणते पुस्तकं व्हरांड्यातच राहणार, ज्याला बघवत नाही त्याने खुर्ची समुद्राकडे फिरवून बसावं.